कुंडीतली चिलटं: पिवळी कार्डं घेतली, काम केलं बीटीआय पावडरने

आमच्याकडे जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की आधी पिंपं भरायची आणि जुनं साठवलेलं झाडांना ओतायचं, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. माती ओली आहे का, हे बघायचेच नाही मी. या पावसाळ्यात सतत ओल्या राहिलेल्या मातीमुळे हॉलमधल्या मनी प्लांट आणि पीस लिलीतून चिलटं उठायला लागली. सासूबाईंच्या चहाच्या कपात रोज एखादं पडायचं.

आधी ऑनलाइन पिवळी चिकट कार्डं मागवली, 20 नग 160 रुपयांना. पहिल्या रात्रीत एका कार्डावर 34 मोजली. पण आठवडा झाला तरी उडणारी कमी होईनात, कारण कार्डावर फक्त मोठी चिलटं अडकतात. पुढची फौज मातीत असते. बटाट्याची एक चकती पीस लिलीच्या मातीवर ठेवली आणि दोन दिवसांनी उलटली. खाली बारीक दोऱ्यासारख्या अळ्या, अंग पारदर्शक, डोकं तेवढं काळं चकचकीत. कोवळी मुळं कुरतडतात त्या याच. लिली का मलूल झाली होती, ते तेव्हा कळलं.

कार्डाबद्दल एक तक्रार आहेच. एका सकाळी पालीचं पिल्लू त्याला चिकटलेलं दिसलं. खोबरेल तेलाचे थेंब सोडत, कापसाने एकेक पाय सोडवायला अर्धा तास गेला. जगलं ते, पण तेव्हापासून कार्ड भिंतीजवळ लावत नाही. काडीला अडकवून मातीलगत, कुंडीच्या मधोमध.

मग मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रात गेले. बीटी म्हणजे अळ्या मारणारा जिवाणू, त्याचे वेगवेगळे प्रकार असतात. नुसतं बीटी म्हटल्यावर दुकानदारांनी हरभऱ्याच्या घाटेअळीवरचा कुर्स्टाकी हा प्रकार पुढे केला. तो इथे चालत नाही. चिलटं डासांच्या जवळची, त्यांच्या अळ्यांना इस्रायलेन्सिस, म्हणजेच बीटीआय पावडर लागते, डासांच्या अळ्यांवर वापरतात तीच. पाकिटावरचं हे नाव वाचूनच घ्या. दुकानदारांनीही न कंटाळता आतून शोधून दिली, 100 ग्रॅम 140 रुपयांना.

पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून, त्याच दिवशी, मातीत मुरेल एवढं घातलं. ही पावडर अळीच्या पोटात गेली तरच लागू पडते, अंड्यांना आणि उडणाऱ्यांना काही होत नाही. म्हणून दर रविवारी, असं चार वेळा केलं. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे मध्येच सोडून देऊ नका. दुसऱ्या रविवारी मीही हात टेकणार होते. तिसऱ्यानंतर फरक डोळ्यांना दिसला. पाच पैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो पाकिटावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी.

आता पाणी येवो न येवो, आधी मातीत बोट घालते. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. लिलीला नवं पान फुटतंय. मागच्या रविवारी लावलेल्या कार्डावर आज दोन चिलटं आहेत.