सी.एन.आय. की स्वतंत्र मंडळी : रजिस्टरमधून नाव काढण्याआधी

नगर, जालना, सोलापूरकडची आपली मुलं नोकरीला पुण्यात येतात, हडपसर नाहीतर पिंपरीला खोली घेतात आणि रविवारी जवळच्याच एखाद्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समूहात, जाऊ लागतात. तिथे गिटार असते, तासभर संदेश असतो, उपासनेनंतर चहा असतो आणि आठवडाभरात फोन करून ‘बरे आहात ना?’ विचारणारं माणूस असतं. वर्षभरात प्रश्न येतो : गावच्या चर्चमधलं नाव काढून इकडचं सभासदत्व घ्यायचं का? आई म्हणते, “आपण आजोबांपासून सी.एन.आय.चे,” म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे. मुलगा म्हणतो, “मी कुठल्याच पंथाचा नाही, मी फक्त ख्रिस्ती.” मी नगरच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये वाढलो आणि पुढे सहा वर्षं एका स्वतंत्र मंडळीत बसलो. दोन्हीकडे मला प्रभू भेटला, म्हणून दोन्हींबद्दल मोकळेपणाने लिहितो.

आधी ‘फक्त ख्रिस्ती’ या शब्दांविषयी. स्वतंत्र किंवा नॉन-डिनॉमिनेशनल मंडळी म्हणजे जिच्यावर बिशप (अनेक चर्चांवरचे प्रमुख धर्मगुरू), सिनॉड (पंथाची सर्वोच्च सभा) किंवा डायसिस (बिशपच्या हाताखालचा विभाग) नाही. पाळक कोण, पैसा कुठे खर्च करायचा, शिकवण काय, हे सगळं ती मंडळीच ठरवते. शिकवण नसते असं मात्र नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्वतंत्र मंडळ्या बाप्तिस्म्याच्या बाबतीत बॅप्टिस्ट वळणाच्या (समज आल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्या) आणि उपासनेत पेंटेकॉस्टल वळणाच्या (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) असतात. पाटीवर पंथाचं नाव नसलं तरी उपदेशातून ते ऐकू येतं. कुणी तसं सांगितलं नाही, तर आपण विचारावं.

ही ओढ जुनी आहे, आणि मला ती फार जवळची वाटते. 1804 साली अमेरिकेतल्या केंटकीत बार्टन स्टोन आणि त्यांच्या सोबत्यांनी आपली स्वतःची प्रेस्बिटेरी, म्हणजे चर्चांवर देखरेख करणारी पाळक-वडिलांची सभा, विसर्जित केली आणि आम्हाला नुसतं ख्रिस्ती म्हणा, असं सांगितलं. त्या चळवळीतून पुढे ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ उभी राहिली. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्या सहांत हे डिसायपल्सही होते. म्हणजे आई ज्याला आपला पंथ म्हणते, तो पंथभेद मोडण्यासाठीच जन्मला, आणि त्याच्या एका मुळाशी मुलाचंच वाक्य आहे. घरात वाद पेटला की मी हे दोघांनाही सांगतो.

आपल्या मातीतही हे घडलं आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कुठल्या एका पंथाच्या ताब्यात दिलं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात यावेत, ही त्यांची आस होती. दोनच वर्षांत, 1919 साली, ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. मुक्ती मिशन आजही चालू आहे. माझ्या मते फरक व्यवस्थेत आहे : रमाबाईंनी संस्था उभी केली होती, तर दरबार एका थोर माणसाच्या श्वासावर चालला होता. स्वतंत्र मंडळी निवडताना मी सगळ्यात आधी हेच पाहतो : पाळक उद्या नसले तर ही मंडळी राहील का?

त्यालाच जोडून, पाळकाला जाब कोण विचारू शकतं? सी.एन.आय.मध्ये पास्टोरेट कमिटी (स्थानिक चर्चची कार्यकारी समिती) असते आणि तिच्या वर डायसिस आणि बिशप. तक्रार घेऊन जायला दार असतं. ते दार फार हळू उघडतं, निवडणुकांत गट पडतात, मिशनच्या जमिनींचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, आणि देवाचं वचन मागे पडून बैठकांचंच बोलणं पुढे येतं. याचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. स्वतंत्र मंडळीत निर्णय एका संध्याकाळी होतो. कुणाच्या घरी आजारपण आलं तर त्याच रात्री पैसे जमतात. पण पाळक, खजिनदार आणि विश्वस्त एकाच घरातले असतील तर तुमची तक्रार ऐकणार कोण? मी ज्या मंडळीत होतो तिथे हिशेब विचारणाऱ्या एका वडीलधाऱ्यांना ‘विश्वासात कमी’ ठरवलं गेलं. त्यांनी येणं बंद केलं, आणि त्यांची साधी चौकशीही झाली नाही. मीही तेव्हा गप्प बसलो, हे मला अजून टोचतं. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, दरवर्षी हिशेब सभासदांपुढे वाचला जातो का, हे सरळ विचारा. चांगल्या पाळकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

बाप्तिस्म्यावर सगळ्यात जास्त घरं दुखावतात. सी.एन.आय. शिशुबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मानते, कारण तिच्यात बॅप्टिस्टही सामील झाले होते. स्वतंत्र मंडळ्या बहुधा समज आल्यावर, पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देतात, आणि लहानपणी डोक्यावर पाणी घेतलेल्याला ‘तो बाप्तिस्मा नव्हेच’ असं सांगतात. सभासदत्वासाठी पुन्हा घ्या म्हणतात. तुमची पवित्र शास्त्रावरून तशी खात्री पटली असेल तर घ्या, आईला आधी सांगून घ्या. नुसतं सगळ्यांत मिसळण्यासाठी घेऊ नका. ज्या दिवशी तुम्हाला उचलून वेदीपाशी नेलं, त्या दिवशी तुमच्या माणसांनी देवापुढे शब्द दिला होता.

उपासनेचं फार सांगत नाही, ते दोन रविवारांत कळतं. एकीकडे छापील क्रम, विश्वासांगीकार, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), झावळ्यांचा रविवार, टिळकांची पदं. दुसरीकडे मोकळी प्रार्थना, साक्षी, आणि बहुतेक नवी, बरीचशी परदेशातून आलेली गाणी. अमेरिकेत 2020 च्या धर्मगणनेत अशा स्वतंत्र मंडळ्या 44 हजारांवर मोजल्या गेल्या, तेव्हा त्यांचा सूर इथवर पोचणारच. तिशीच्या आतल्यांना दुसरीकडे जास्त उमेद मिळते हे खरं आहे. मला स्वतःला आजारपणात पाठ असलेला क्रमच उपयोगी पडला, कारण तेव्हा माझ्यापाशी माझे शब्द उरले नव्हते.

वसईकडच्या कॅथलिक वाचकांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे मिस्सा आणि सात संस्कार सोडण्याचा प्रश्न येतो, तो याहून मोठा आहे. आधी आपल्या फादरांशी बोला.

आता लग्नाचं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा आहे. बिशपच्या हातून दीक्षा मिळालेला पाळक आपल्या चर्चच्या नियमांनुसार लग्न लावू शकतो. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला त्यासाठी राज्य सरकारचा परवाना लागतो. काहींकडे तो असतो, काहींकडे नसतो. नसेल तर विवाह निबंधकापुढे किंवा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची आणि मंडळीत आशीर्वाद घ्यायचा. हा रस्ताही चांगलाच आहे, फक्त पत्रिका छापण्याआधी माहीत हवा. दफनाचंही असंच. जिथे दफनभूमी जुन्या चर्चच्या ताब्यात आहे, तिथे सभासद नसलेल्याला जागा मिळेल का, हे त्या चर्चच्या कमिटीला आजच विचारा. प्रेत घरात असताना ही विनवणी करण्याची वेळ कुणावर येऊ नये.

माझा कल विचाराल तर : सी.एन.आय. कंटाळवाणी वाटते एवढ्याच कारणाने नाव काढू नका. तिथल्या तरुण संघात चार माणसं घेऊन उभे राहा. पण गावचं चर्च तीनशे किलोमीटरवर आहे, पुण्यात तुमची सुखदुःखं स्वतंत्र मंडळी वाहते आहे, तिचा हिशेब उघडा आहे आणि पाळक दुसऱ्यांचं ऐकून घेतात, तर निर्धास्त जा. जाताना मात्र गावी जाऊन पाळकांना समोरासमोर भेटा, आणि बाप्तिस्म्याचा उतारा व सभासदत्वाचं पत्र शिक्क्यासह मागून घ्या. सोबत आईलाही न्या.