औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावाने पाण्याची कोणती तपासणी करून घ्यावी?

औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला वसलेल्या गावाच्या पाणीपुरवठा समितीपुढे पाणी तपासण्याचा विषय येतो, तेव्हा तिला प्रत्यक्षात दोन निराळ्या कामांतून निवड करायची असते. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकातील नेहमीचे घटक शासकीय प्रयोगशाळेत तपासून घेणे हे एक, आणि वसाहतीत काय बनते ते पाहून ठरावीक रसायने खासगी प्रयोगशाळेत शोधून घेणे हे दुसरे. जलशुद्धीकरण यंत्र विकायला आलेला प्रतिनिधी जे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर पेल्यात बुडवून दाखवतो, ते मी पर्यायांत धरलेले नाही. ते विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज सांगते, आणि त्यावरचा लहानात लहान आकडा, लिटरमागे १ मिलिग्रॅम, म्हणजेच १० लाख नॅनोग्रॅम होतात; कारखान्यांतील काही रसायने मात्र नॅनोग्रॅममध्येच मोजावी लागतात. जलजीवन मिशनचा तपासणी संच त्याहून पुष्कळ उपयोगी आहे. पण तोही कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, शिल्लक क्लोरीन अशा घटकांसाठी आहे, कारखान्यातील द्रावकांसाठी (सॉल्व्हंट) नव्हे.

या दोन तपासण्यांमधील अंतर किती असू शकते, हे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या हूसिक फॉल्स या सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या गावाने पाहिले आहे. तेथे टेफ्लॉनवर काम करणारा कारखाना होता आणि गावाचे पाणी नेहमीच्या तपासणीत नियमांत बसत होते, कारण टेफ्लॉनच्या निर्मितीत वापरले जाणारे पीएफओए हे रसायन त्या यादीतच नव्हते. २०१४ मध्ये एका रहिवाशाने स्वखर्चाने नमुने पाठवले, तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरातील नळाच्या पाण्यात लिटरमागे ५४० नॅनोग्रॅम पीएफओए आढळले. पुढे २०१५ च्या अखेरीस हे पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास वापरू नये, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, सांगितले. पाणी तेच होते. फक्त विचारलेला प्रश्न बदलला होता.

नेहमीच्या तपासणीला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. मानकात शिशासाठी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी ०.००३, पाऱ्यासाठी ०.००१ आणि एकूण क्रोमियमसाठी ०.०५ अशा कडक मर्यादा आहेत. वरच्या अंगाला मुलामा देण्याचे किंवा बॅटरीचे कारखाने असतील, तर ही तपासणी पुरेशी ठरू शकते आणि तिचे शुल्कही तुलनेने फार कमी असते. अडचण अशी की मानकातला प्रत्येक घटक प्रत्येक शासकीय प्रयोगशाळेत तपासला जातोच असे नाही. जड धातू हवे असल्यास अर्जात ते नावानिशी लिहावे लागतात. जे मानकातच नाही, ते तर या मार्गाने सापडणारच नाही. पीएफओए ज्यात मोडते त्या पीएफएएस गटातील, म्हणजे कार्बनला फ्लोरिन घट्ट बांधलेल्या, रसायनांना आयएस १०५०० मध्ये मर्यादा नाही, तर ईपीएने २०२४ मध्ये पीएफओए आणि त्याच गटातील पीएफओएस यांच्यासाठी लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. फ्लोराइडची तपासणी केली म्हणजे हेही पाहून झाले, असा एक समज ऐकू येतो. तो चुकीचा आहे, कारण ती तपासणी पाण्यातील सुटे फ्लोराइड आयन मोजते, कार्बनला घट्ट बांधलेले फ्लोरिन मोजत नाही.

हा विषय महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्याने भूजलात सोडलेल्या पीएफएएसमुळे तेथील लाखो लोकांच्या पाण्याचा प्रश्न निर्माण झाला. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. यावरून तेथील पाण्याबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही. कोणती तपासणी मागावी, एवढे मात्र कळते.

रसायननिहाय तपासणी महाग असते आणि तिची खरी किंमत पूर्वतयारीत असते. 'सर्व घटकांचे पॅकेज' घेण्यापूर्वी वसाहतीतील कारखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली संमतिपत्रे आणि पर्यावरण मंजुरीची कागदपत्रे मिळवावीत, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात मागावीत. उत्पादनांची नावे त्यांतच असतात. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढे पुरत नाही. ती मान्यता घटकनिहाय असते, म्हणून आपले रसायन, आणि तेही पिण्याच्या पाण्यातील, त्या व्याप्तीत आहे का, हे पाहावे लागते.

माझ्या मते दोन्ही मार्गांत सर्वाधिक फसवणारा शब्दप्रयोग म्हणजे 'आढळले नाही'. मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम असताना यंत्राला ०.०५ च्या खालचे शिसे दिसतच नसेल, तर तो शेरा पाण्याविषयी नसून यंत्राविषयी आहे. त्यामुळे दरपत्रक मागतानाच प्रत्येक घटकाची मोजता येणारी किमान पातळी लेखी घ्यावी आणि ती मर्यादेच्या बरीच खाली नसेल, तर पैसे देऊ नयेत.

नमुना घेण्यातही फरक आहे. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते, पण षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) वेगळे मोजायचे असल्यास ते घालून चालत नाही. बाष्पनशील द्रावकांसाठी काचेची छोटी कुपी काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरावी लागते. पीएफएएससाठी पॉलिप्रॉपिलीनची बाटली आणि सोबत, बाहेरून काही मिसळले का हे कळण्यासाठी, जागेवर उघडलेल्या शुद्ध पाण्याचा कोरा नमुना लागतो. नळाच्या जोडावरची पांढरी टेफ्लॉन टेपसुद्धा निकाल बिघडवू शकते. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून कुरियरने पाठवणे म्हणजे दोन्ही मार्गांचे पैसे वाया घालवणे होय.

समितीने स्वतः करून घेतलेल्या तपासणीचा अहवाल कारखान्याविरुद्धचा कायदेशीर पुरावा ठरेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेण्याची पद्धत वेगळी आहे; तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोटीस देऊन, दोन भाग करून आणि मोहोरबंद करून घ्यायचा असतो. आपला अहवाल त्या कारवाईची मागणी करण्यासाठी उपयोगी पडतो.

एवढ्यावरून माझा कल सांगायचा तर, धातूंचे कारखाने असलेल्या गावाने पहिला मार्ग घटकांची नावे लिहून पूर्ण करावा. द्रावके, रंग बनवताना मधल्या टप्प्यात लागणारी रसायने किंवा फ्लोरिनयुक्त उत्पादने बनत असतील, तर निधी थोडा असला तरी तो दुसऱ्या मार्गासाठी राखावा आणि जॅकवेल (स्रोतातून पाणी उपसण्याची विहीर) व शेवटच्या टोकाचा नळ अशा दोनच जागा निवडून एकदा मे महिन्यात, स्रोतातील पाणी सर्वांत कमी असताना, आणि एकदा पावसाळ्याच्या सुरुवातीला नमुने घ्यावेत. निकालाबद्दल शंका आल्यास फेरतपासणी करता यावी म्हणून प्रत्येक वेळी बाटल्यांचा दुसरा संच शीतकपाटात ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र ईपीएच्या ५३३ क्रमांकाच्या पद्धतीत पीएफएएसचा नमुना २८ दिवसांच्या आत प्रक्रियेला घ्यावा लागतो. तेव्हा तो संच पाठवायचा की नाही, हे ठरवायला पुढच्या मासिक सभेची वाट पाहता येणार नाही.