महाबळेश्वरचा 'मळ्यातला' स्ट्रॉबेरी चहा घेताय? आधी स्टिकर खरवडा

साताऱ्यात राहायचं म्हणजे आल्यागेल्या पाहुण्याला महाबळेश्वर दाखवणं ओघानं आलंच. या थंडीत नागपूरचा आत्येभाऊ सहकुटुंब आला होता. वेण्णा लेककडच्या एका दुकानात स्ट्रॉबेरी चहाची देखणी पाकिटं मांडलेली, शंभर ग्रॅमला अडीचशे रुपये. दुकानदार म्हणाला, "घ्या की दादा, इथल्याच मळ्यातला हाय. खाली कुठं मिळायचा न्हाय." भावानं ऑफिसात वाटायला पिशवीभर घेतली.

घरी वहिनीनं पाकिटामागचा पांढरा स्टिकर नखानं उचकटला. वर पत्ता महाबळेश्वरचा, खाली छापलेला परराज्यातल्या कारखान्याचा. छापील किंमत नव्वद रुपये. घटकांत आसाम सीटीसी (म्हणजे साधा दाणेदार) चहा आणि 'नेचर आयडेंटिकल' स्ट्रॉबेरी फ्लेवर, म्हणजे कारखान्यात तयार केलेला वास. फळाचा तुकडासुद्धा नाही! पुढच्या बाजूला मात्र लालभडक स्ट्रॉबेरी आणि 'जीआय मानांकित' अशी अक्षरं. ते मानांकन, म्हणजे माल अमुक भागातलाच असल्याची सरकारी ओळख, 2010 साली मिळालं खरं, पण इथल्या फळाला. चहाचा त्याच्याशी काय संबंध?

मुळात महाबळेश्वरात चहाचे मळे आहेतच कुठे? पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर, पण जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे जमीन कोरडी. चहाच्या झाडाला पाऊस वर्षभर विभागून लागतो. इंग्रजांनी इथल्याच लिंगमळ्याला सिंकोना (हिवतापावरच्या औषधाचं झाड) लावून पाहिला होता, तोही टिकला नाही.

आसामच्या चहाला वास लावून विकणं हा गुन्हा नव्हे. पाकिटावर तसं स्पष्ट लिहून विकावं, आवडणारे घेतील. आमचा राग आहे तो स्टिकरवर. किंमत वाढवण्यासाठी वेगळा स्टिकर लावायला पॅकबंद मालाच्या नियमांत परवानगी नाही. कमी किमतीचा लावता येतो, तोही मूळ किंमत न झाकता. पाकीट हातात घेऊन दुकानात परत गेलो, तर "माल वरनं असाच येतो" एवढंच उत्तर. पैसे परत द्यायला साफ नकार.

पावती मागितली होती म्हणून बरं. स्टिकरसकट आणि स्टिकरशिवाय असे दोन्ही फोटो काढून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जादा किमतीसाठी वजनमापे कार्यालय आणि घटकांबद्दलच्या दाव्यासाठी अन्न व औषध प्रशासन, अशी दोन वेगळी दारं आहेत. आमचे अर्ज दोन्हीकडे गेलेत. तुमच्याकडेही असं पाकीट असेल तर ते फेकू नका, पावतीसकट जपून ठेवा.