‘द म्युझिक मॅन’चा मूळ अल्बम: बफेलो बिल्ससाठी घ्यावा का?

ब्रॉडवेवर डिसेंबर १९५७ मध्ये सुरू झालेल्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेचा मूळ नटसंचाचा अल्बम कॅपिटॉल कंपनीने काढला. ग्रॅमी पारितोषिकं सुरू झाली त्या पहिल्याच खेपेला या प्रकारातलं पारितोषिक त्याने घेतलं. संगीतिका म्हणून त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. इथे प्रश्न वेगळा आहे: बार्बरशॉप, म्हणजे वाद्यांशिवाय चार आवाजांत गायची अमेरिकन पद्धत, त्यातली चौकडी ऐकायची, शिकायची असेल तर हा अल्बम कितपत कामाचा?

आधी गायकांविषयी. बफेलो बिल्स ही चौकडी १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जमली आणि १९५० मध्ये ओमाहाला बार्बरशॉपच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेल्या चौकडीला पुन्हा उतरता येत नाही. मग उरतात कार्यक्रम आणि तबकड्या. बिल्सना त्यापलीकडे ब्रॉडवे मिळालं. मेरेडिथ विल्सनच्या या संगीतिकेत आयोवातल्या एका गावच्या शाळा समितीचे चार भांडखोर सदस्य आहेत. ते तोतया बँडमास्तर हॅरोल्ड हिलकडे प्रमाणपत्रं मागायला येतात आणि तो दर वेळी त्यांना गायला लावून सटकतो. हे चौघे म्हणजे बिल्स.

अल्बमवर ऐकू येणारी चौकडी मात्र ओमाहाची जशीच्या तशी नाही. टेनर वर्न रीड, लीड अल शे आणि बास बिल स्पँगेनबर्ग हे तिघे तेच. बॅरिटोन डिक ग्रेप्सच्या जागी १९५७ मध्ये स्कॉटी वॉर्ड आला. बाहेरून हा बदल किरकोळ वाटतो, पण बार्बरशॉपमध्ये चाल लीडकडे असते, टेनर तिच्या वर हलक्या आवाजात जातो, बास पाया धरतो आणि उरलेला स्वर बॅरिटोनच्या वाट्याला येतो. तो स्वर कधी लीडच्या खाली असतो, तर पुढच्याच शब्दाला वर उडी मारतो. एकटा ऐकला तर त्याला चाल म्हणावी असं काहीच नसतं. जोरात गायला की कॉर्ड, म्हणजे एकत्र लागलेले चार स्वर, बिघडते, दबला की पोकळ होते. वॉर्ड या जागी इतका मिसळलाय की जोड कुठे लागलाय ते कळत नाही. माणूस बदलल्यावर चौकडीचा दर्जा टिकणं दुर्मीळ आहे, आणि अल्बमची ही बाजू फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

चौकडीच्या मुख्य जागा चार: ‘सिन्सिअर’, ‘गुडनाइट लेडीज’, ‘इट्स यू’ आणि ‘लायडा रोझ’. लोकप्रिय आहे ‘लायडा रोझ’. चौघांच्या गाण्यावर नायिका मेरियनचं दुसरंच गाणं येऊन बसतं आणि दोन्ही बरोबर चालतात. मेरियन झालेल्या बार्बरा कुकचा आवाज तिथे फार सुंदर लागलाय. पण चौकडीची परीक्षा म्हणून ही जागा कच्ची, कारण वाद्यमेळ सोबत असला की गायकांना त्याच्या स्वरांशी जुळवून घ्यावं लागतं. ‘गुडनाइट लेडीज’मध्येही बायकांचा कलकलाट मध्ये घुसतो. विनोद म्हणून झकास, अभ्यासाला निरुपयोगी.

ऐकायचं ते ‘सिन्सिअर’. उघडे चार आवाज. बार्बरशॉपचा जीव असलेली सेव्हन्थ कॉर्ड इथे नीट कान देऊन ऐकावी. बासचा षड्ज २०० हर्ट्‌झ धरला तर गंधार २५०, पंचम ३०० आणि कोमल निषाद ३५० वर बसतो, म्हणजे ४:५:६:७ असं सरळ प्रमाण. पियानोचा तोच निषाद ३५६च्या वर असतो. हा सहा हर्ट्‌झचा फरक गेला की चार आवाजांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) एकमेकांवर चपखल बसतात आणि कोणीच न गायलेला वरचा स्वर झणकायला लागतो. जुळलेल्या तानपुऱ्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्यातलाच हा प्रकार.

गाणाऱ्यांनी या अल्बमवरून शिकायचं तर क्रम असा ठेवावा. पिच पाइपवर (सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर) फक्त षड्ज घ्या. बासने तो धरल्यावर पंचम लावा, मग गंधार, आणि निषाद सगळ्यात शेवटी. निषाद पियानोवरून उचलला तर तो चढाच राहतो. तिघांच्या आधाराने खाली सरकवत आणायचा असतो. निषाद बरोबर असूनही झणकार येत नसेल तर स्वरोच्चार तपासा. एकाचा ‘आ’ रुंद आणि दुसऱ्याचा गोल असला की उपस्वर वेगवेगळे उठतात. आवाजाचं कंपनही आवरावं लागतं, कारण स्वर हलता राहिला तर जुळायला काही उरतच नाही. लीड आणि बास भरीव, टेनर सगळ्यात हलका, हा तोल इथे स्पष्ट ऐकू येतो. नवख्या चौकड्यांमध्ये नेमका टेनर ओरडतो.

फोनच्या स्पीकरवर मात्र हे ऐकू नका. १०० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर तो जवळजवळ गिळतो, मग स्पँगेनबर्ग नाहीसा होतो आणि सगळा तोल चुकीचा वाटतो. साधे हेडफोनही पुरतात.

एक गोष्ट अल्बमबाहेरची. १९१२च्या गोऱ्या गावातली ही चौकडी पाहून बार्बरशॉप म्हणजे असंच काहीतरी, असा समज पक्का झाला. या गायकीची मुळं कृष्णवर्णीय गायकांच्या चौकड्यांमध्ये आहेत. लुई आर्मस्ट्राँगही पोरवयात न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर अशा चौकडीत गायचा. १९३८ मध्ये टल्सात स्थापन झालेल्या बार्बरशॉप गायकांच्या संस्थेने मात्र १९४१ मध्ये न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकलेल्या ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स या कृष्णवर्णीय चौकडीला राष्ट्रीय फेरीत येऊ दिलं नाही, आणि कृष्णवर्णीयांवरची बंदी १९६३ मध्ये उठवली. बिल्सचं गाणं त्याने कमअस्सल ठरत नाही, पण अल्बमच्या गोड चित्रावर विसंबू नये.

निव्वळ चौकडीसाठी हा पूर्ण अल्बम विकत घेणं महागात पडतं. ‘सिन्सिअर’ आणि ‘इट्स यू’ सुटी ऐका आणि पैसे बिल्सच्या स्वतःच्या तबकड्यांसाठी ठेवा. संगीतिकाही आवडत असेल तर बिनधास्त घ्या. १९६२च्या चित्रपटात हेच चौघे आहेत आणि चेहऱ्यांवरचे भाव पाहताना कथेतला विनोद जास्त कळतो. स्पँगेनबर्ग १९६३ मध्ये वारला, चौकडी १९६७ मध्ये थांबली. शोधताना नावापुढे ‘क्वार्टेट’ जरूर लिहा, नाहीतर त्याच शहरातला त्याच नावाचा फुटबॉल संघ पानंच्या पानं समोर येईल.