मेलमन ३ आणि पोस्टफिक्स: आठ महिने वापरल्यावर

अहिराणी शब्द गोळा करणारे आम्ही दीडेकशे जण. निम्मे जळगाव-धुळ्यात, बाकीचे सुरत, पुणे, ठाण्याकडे पांगलेले. व्हॉट्सॲपवर आलेला शब्द गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दोन तासांत गडप व्हायचा. म्हणून स्वतःची मेलिंग लिस्ट काढली: एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्यांना पोचतो. भाड्याचा छोटा सर्व्हर, त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि मेलमन ३ (लिस्ट सांभाळणारा).

इन्स्टॉल एका संध्याकाळी उरकलं. डोकं खाल्लं ते दोघांची गाठ घालून देण्याने.

पंचवीस नंबरच्या पोर्टवर (सर्व्हरच्या मेलसाठीच्या दारावर) मेल घेतो पोस्टफिक्स. लिस्टचा पत्ता कोणता हे त्याला मेलमनने बनवलेल्या तक्त्यातून कळतं आणि तो मेल एलएमटीपीने (सर्व्हरमधल्या मेल सोपवण्याच्या पद्धतीने) ८०२४ पोर्टवर मेलमनच्या हवाली करतो. मी पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅप्स या सेटिंगमध्ये (कोणता मेल कुठे सोपवायचा ते) तो तक्ता दिला आणि खुशीत पहिला मेल टाकला. ५५० हा नकाराचा कोड देऊन परत! लॉगमध्ये 'युजर अननोन इन लोकल रेसिपिएंट टेबल'. तोच तक्ता लोकल रेसिपिएंट मॅप्समध्येही (इथे कुणाकुणाचे मेल घ्यायचे त्या यादीत) द्यावा लागतो, हे माझ्याकडून सुटलं होतं.

दिला. पण आधीचं मूल्य पुसून दिला! त्यात सिस्टिमच्या युजरांची यादी होती. लिस्ट पळू लागली, मात्र रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) नावाने बाहेरून येणारे मेल नाकारले जाऊ लागले. चार दिवसांनी लक्षात आलं, तेही बॅकअपचा मेल का येत नाही म्हणून शोधताना. जुन्या यादीच्या शेजारी नवा तक्ता जोडायचा, एवढंच काम होतं.

दुसऱ्या महिन्यात वेगळंच. अमळनेरचे आप्पा, निवृत्त मास्तर, याहूवरून लिहितात. ते लिहायचे त्या दिवशी जीमेलवाल्यांना मेल पोचायचा नाही. आप्पांचा रोज फोन, "मेल ऊना का रे भाऊ?" नही ऊना, आप्पा. याहूने एप्रिल २०१४ पासून डीमार्कचं (आपल्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारं) धोरण 'रिजेक्ट' ठेवलंय. आमची लिस्ट विषयाला '[अहिराणी]' आणि खाली तळटीप चिकटवते, त्याने याहूने मेलवर केलेली मूळ डीकेआयएम सही मोडते. एसपीएफही (कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा त्याची तपासणी) याहूशी जुळत नाही, कारण मेल आमच्या सर्व्हरवरून जातो. म्हणजे दोष आप्पांचा नाही, पण शिक्षा वाचणाऱ्यांना: मेल परत आला (बाउन्स झाला) की त्या सदस्याचा स्कोअर दिवसाला एकाने वाढतो आणि मुळातली मर्यादा पाच; ती गाठली की मेलमन त्याला मेल पाठवणं थांबवतो. आप्पा उत्साही माणूस, आठवड्याभरात बऱ्याच जणांची डिलिव्हरी बंद झाली होती. पोस्टोरियसमध्ये (मेलमनच्या सेटिंगच्या वेबपानावर) डीमार्कच्या सेटिंगला 'प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता' हा पर्याय निवडला आणि सगळ्यांची डिलिव्हरी हाताने चालू केली. तेव्हापासून शांत आहे.

हे सगळं करण्याआधी सर्व्हरचा रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) नीट लावा आणि पोर्ट २५ बाहेर जाऊ देतात का ते सर्व्हर विकणाऱ्याला विचारा. मी न विचारता घेतला होता, पहिला बदलावा लागला.

तक्रारी आहेतच. एक जीबी रॅम पुरत नाही, मेलमनच्या कितीतरी प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. मी दोन जीबी केली. हायपरकिटीच्या (मेलमनच्या जुन्या मेलांच्या वेबपानाच्या) संग्रहात काना-मात्रा असलेला शब्द शोधला की भलतंच हाती येतं, आणि आमची लिस्ट तर शब्दांचीच! त्यासाठी मी महिन्याचा संग्रह उतरवून, त्यातला मजकूर साध्या रूपात आणून ग्रेपने (शब्द शोधणाऱ्या आज्ञेने) शोधतो.

पाचपैकी साडेतीन. कळण्याच्या भाकरीवरची सत्तावीस उत्तरांची चर्चा मात्र आजही एका धाग्यात जशीच्या तशी सापडते.