ओसीडीसाठी ईआरपी: गोव्यात ही थेरपी घेताना काय पारखावे

ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्यांची भीती शमवायला त्याच त्या कृती, म्हणजे ‘विधी’, करत राहणे. या आजारावरच्या मानसोपचारांत सर्वांत भक्कम पुरावा ईआरपीच्या, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनच्या, पाठीशी आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये तिचे पहिले निष्कर्ष मांडले. भीती वाटते तिथे मुद्दाम जायचे आणि नंतरचे धुणे, तपासणे, मोजणे करायचे नाही, एवढीच तिची रीत. पद्धत म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण. सेवा म्हणून मात्र दुसरे अर्धे, म्हणजे धुणे-तपासणे रोखणे, तेच अनेकदा गळते आणि मागे उरते ते निव्वळ समुपदेशन.

नीट चालणारी थेरपी ओळखता येते. पहिल्या दोन-तीन भेटींत वाय-बॉक्स ही ओसीडीच्या तीव्रतेची ० ते ४० गुणांची मोजणी होते. १६ ते २३ म्हणजे मध्यम, २४ ते ३१ म्हणजे तीव्र. मग भीतीच्या पायऱ्यांची यादी होते आणि भीती किती वाटते त्यानुसार प्रत्येक पायरीला ० ते १०० अंक दिले जातात. सुरुवात साधारण ३०-४० च्या पायरीपासून. एकूण १२ ते २० सेशन्स, प्रत्येक ६० ते ९० मिनिटांचे, शिवाय रोजचा गृहपाठ. पंधरा मिनिटांच्या ओपीडीत औषध बसवता येते, ईआरपी नाही.

स्पर्शाची भीती असेल तर पायरी अशी: कदंब बसच्या दांड्याला तळहात पूर्ण टेकवायचा (बोटाच्या टोकाने नव्हे), तोच हात मोबाईलला, मग कपड्यांना, घरी आल्यावर उशीला लावायचा. हात धुवायचे ते जेवणाआधी, एकदाच, वीसेक सेकंद. बांगडे साफ केल्यावर साबण लावणे हा काही आजार नव्हे. तिसऱ्यांदा लावणे हा आहे. पिशवीतली सॅनिटायझरची बाटली आधी काढून ठेवावी, नाहीतर सगळा खटाटोप पाण्यात.

फसते ते बहुधा लपलेल्या विधींपाशी. मनात नको ते विचार येतात म्हणून देवळात उभ्या उभ्या ‘क्षमा कर देवा’ असे ठरावीक वेळा पुटपुटणारा माणूस बाहेरून शांत दिसतो. ‘मनात आत्ता काय चाललंय?’ असे थेरपिस्ट विचारत नसेल तर तो विधी कित्येक महिने सुटून जातो. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात तर आणखी गुंता. चवथीच्या सोवळ्याला ठरलेली सुरुवात असते, शेवटही असतो, आणि घरातले सगळे ते सारखेच पाळतात. ओसीडीच्या धुण्याला शेवटच नसतो. हा फरक न करता देवपूजेवरच बोट ठेवणारा थेरपिस्ट घरच्यांचा विश्वास गमावतो.

दुसरी गळती घरातच. ‘आई, गॅस बंद आहे ना?’ याला दहा वेळा ‘हो रे बाळा’ म्हणणे हाही विधीच, फक्त दुसऱ्याकडून करून घेतलेला. थेरपिस्टने घरच्यांना बसवून एक वाक्य ठरवून द्यायला हवे: ‘ह्याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.’ तेही एकदम नाही. आधी कमी, मग बंद. ‘काही होणार नाही, घाबरू नका’ असे थेरपिस्टच वारंवार सांगत असेल तर फी कशाची, हा प्रश्न रास्त आहे.

कुलूप आणि गॅस तपासणाऱ्यांसाठी व्हिडिओ सेशन चांगले चालते, कारण भीतीची जागा घरातच असते. फोन ओट्यावर ठेवायचा, नॉब एकदाच फिरवायचा, फोटो न काढता बाहेर पडायचे. रायबंदर-चोडण फेरीबोटीत बसले की वाटेतून परत फिरता येत नाही; ही वरची पायरी म्हणून उत्तम, पहिली म्हणून नको.

औषधांबद्दल थोडक्यात: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या ईआरपीसोबत चालतात. त्यांचा डोस ओसीडीत बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण कळायला ८ ते १२ आठवडे जातात. सेशनच्या तोंडावर घेतलेली अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी मात्र ‘भीती सोसता येते’ हे शिकणेच अडवू शकते; डॉक्टरांशी बोलून ठरवावे, परस्पर बंद करू नये. आत्महत्येचे विचार किंवा तीव्र नैराश्य असेल तर आधी त्यावर उपचार. सरकारी सोय बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयात आहे; फोनवर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

पहिल्या भेटीत एवढे विचारावे: ‘सेशनमध्ये तुम्ही माझ्यासोबत बसस्टँडवर, बाजारात याल का?’ आणि ‘वाय-बॉक्स पुन्हा कधी मोजणार?’ गुण साधारण ३५ टक्के उतरले तर उपचार लागू पडतोय असे धरतात. सात-आठ सेशन्स नेमाने होऊन, गृहपाठ करूनही आकडा जागचा हलला नाही, तर यादी नव्याने मांडायला सांगावी. तयारी नसेल तर थेरपिस्ट बदलावा.