डावऱ्याच्या हातात जादूची पुस्तकं: दहा महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीत तिसरीतला भाचा सांगलीला आला होता. त्याला मी आपल्या घराघरांत चालते ती एकवीस पत्त्यांची जादू दाखवली. सात-सातच्या तीन रांगा, तीनदा "तुझा पत्ता कुठल्या रांगेत?" आणि शेवटी मोजून अकरावा पत्ता. पोरगं म्हणालं, "मामा, हे आमच्या व्हॅनवाल्या काकांना पण येतं." हे मला लागलं. भाऊबीज झाल्यावर पुस्तकं शोधायला सुरुवात केली, आणि आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात सहा पुस्तकं हाताळली. त्यातली दोन रोज लागतात, एक दुसऱ्याला दिलं, एक दुकानात ठेवलंय, एक अर्ध्यात सोडलं आणि एकाचा मला अजून राग आहे.

रागाचं आधी सांगतो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून साठ रुपयांना घेतलेलं मराठी पुस्तक. शंभराच्या वर प्रयोग आहेत असं मुखपृष्ठावरच ठळक छापलेलं, त्यालाच भुललो. आत एकेक प्रयोग अर्ध्या पानात उरकलेला. एका ठिकाणी लिहिलंय की प्रेक्षकाचा पत्ता मधे घालावा व नंतर चलाखीने वर आणावा. अहो, ती चलाखी शिकायलाच तर साठ रुपये दिले! चित्रात डावा हात, मजकुरात उजवा. तेव्हापासून कुठलंही पुस्तक हातात आलं की त्यात किती प्रयोग आहेत ते बघत नाही, एका प्रयोगाला किती पानं दिलीत ते बघतो. एकाच हालचालीवर तीन पानं खर्च करणारा लेखक आपल्याला काहीतरी शिकवायला बसलाय, एवढं नक्की.

दुसरं घेतलं कार्ल फुल्व्हज यांचं 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स', 1976 चं. यात 72 प्रयोग आहेत आणि हातचलाखी जवळजवळ लागतच नाही. पत्त्यांची मांडणी आणि मोजणी काम करून जाते. नवख्याला पहिल्या आठवड्यात कुणालातरी चकवता येणं फार गरजेचं असतं, नाहीतर पत्त्यांचा कॅट कपाटात जातो. तेवढं काम या पुस्तकानं चोख केलं. पण यातले बरेचसे प्रयोग म्हणजे आपल्या एकवीस पत्त्यांचीच शिकलेली भावंडं. पत्ते वाटत बसायचं, मोजत बसायचं. आमच्याकडे चौथा पत्ता टेबलावर पडेपर्यंत कुणीतरी "चहा टाकू का?" विचारतंच. मोजणी चालू असताना तोंडानं काय बोलायचं हे ज्याला सुचतं त्याला हे पुस्तक वर्षभर पुरेल. मला सुचत नव्हतं.

मग आलं 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. जीन ह्युगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउ या दोघांचं, 1948 चं. पहिलं प्रकरण पत्ते पिसण्यावर. मला हसू आलं, कारण त्यातली पद्धत म्हणजे रमीच्या डावात आपण आडवे धरून पिसतो तीच. आठ दिवसांनी हसू गेलं. तसंच पिसत राहायचं, बघणाऱ्याला सगळे पत्ते मिसळताना दिसायला हवेत, आणि वरचा पत्ता मात्र आपल्याला हवा तिथंच राहायला हवा. कसं ते इथं लिहीत नाही, पुस्तकात सविस्तर आहे. पुस्तकाची रचना मला फार आवडली. आधी एक हालचाल शिकवायची आणि लगेच तीच वापरून करायचे प्रयोग द्यायचे. तालमीला बसलेल्या माणसाला दर आठवड्याला एक छोटा प्रवेश करायला मिळावा तसं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांब. पहिल्या महिन्यात मी दिवसाला एक परिच्छेद वाचायचो, तोही पत्ते हातात घेऊन. नुसतं खुर्चीत बसून वाचलं तर यातलं काहीही कळत नाही.

आता माझी खरी अडचण. मी डावरा. ही सगळी पुस्तकं उजव्यांनी उजव्यांसाठी लिहिलेली. कॅट डाव्या हातात, काम उजव्या हातानं. मजकुरात "डावा अंगठा" आला की मी मनात "उजवा" वाचायचो, आणि तिसऱ्या ओळीला गोंधळ ठरलेला. शेवटी पेन्सिल घेऊन पहिली तीन प्रकरणं बसून दुरुस्त केली. प्रत्येक डाव्यावर 'उ', प्रत्येक उजव्यावर 'डा'. चित्रांसाठी बटर पेपर आणला, त्यावर चित्र गिरवायचं आणि कागद पालथा करायचा. माझा हात तयार. यातून आणखी एक गोष्ट कळली, जी उजव्यांनाही उपयोगी पडेल. पुस्तकात चित्र कुणाच्या बाजूनं काढलंय ते पहिल्यांदा बघा. काही चित्रं करणाऱ्याच्या डोळ्यांतून असतात, काही समोर बसलेल्याच्या. एकाच प्रयोगात न सांगता बाजू बदलली की माणूस तासभर बोटं पिळत बसतो. समोरच्या बाजूनं काढलेल्या चित्रांत मात्र डावऱ्यांची चंगळ आहे. आरशासमोर बसलो की आरशातला मी उजवा दिसतो, त्यामुळे चित्र आणि आरसा तंतोतंत जुळतात. बायको म्हणाली, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा वेळ आरशासमोर नव्हतास."

दुसरी अडचण कुणीच सांगत नाही. ही पुस्तकं उघडी राहत नाहीत. दोन्ही हातांत पत्ते, आणि नेमकं "आता करंगळी" या शब्दावर पुस्तक मिटतं. कपड्यांचे चिमटे लावले, डाळीचा डबा ठेवला. शेवटी कॉलेज कॉर्नरजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं नेऊन कणा कापला आणि स्पायरल मारून घेतलं. त्यानं विचारलं, "नवं पुस्तक कापू? नक्की ना?" आत्तापर्यंतचा माझा सगळ्यांत चांगला खर्च तो. विकत घ्यायची वेळ आली की कागदाच्या गुळगुळीतपणापेक्षा आतल्या बाजूचा समास बघा. तो रुंद असेल तरच स्पायरल मारल्यावर अक्षरं शाबूत राहतात.

पत्त्यांबद्दल थोडक्यात. या पुस्तकांतली बरीच वर्णनं पोकर मापाचे, म्हणजे साधारण 63 मिलिमीटर रुंद आणि मागं पांढरी किनार असलेले पत्ते गृहीत धरतात. आपल्याकडचे प्लॅस्टिकचे रमीचे पत्ते अरुंद, ताठ आणि निसरडे. सहा आठवडे मी स्वतःच्या बोटांना दोष देत होतो. बायसिकल या अमेरिकन ब्रँडचा कॅट आणल्यावर त्यातला निम्मा दोष पत्त्यांचा निघाला. पावसाळ्यात मात्र हे कागदी पत्ते आमच्याकडं दमट होऊन एकमेकांना चिकटतात. जुलै-ऑगस्टमध्ये झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो.

माझं खरं प्रेम जडलं ते नाण्यांवर. विश्रामबागेत माझं मेडिकल आहे, गल्ला कायम सुट्ट्या पैशांनी भरलेला. जे. बी. बोबो यांचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक', 1952 चं. त्यात सुरुवातीलाच नाणं हातात लपवून धरायच्या कितीतरी पद्धती आहेत, आणि सगळी गणितं अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर बसवलेली. ते नाणं 30.6 मिलिमीटरचं, आपलं दहाचं 27, पाचचं जुनं 23. त्यामुळे तळहाताच्या दोन उंचवट्यांत नाणं दाबून धरायची जी मुख्य पद्धत आहे, ती पाचच्या नाण्यानं माझ्या हातात टिकेना. दहाचं मात्र अगदी बसतं. गंमत म्हणजे कितीतरी दुकानदार मधल्या काळात दहाचं नाणं घेत नव्हते. रिझर्व्ह बँकेनं ते चलनात असल्याचं स्पष्ट करूनही नाहीच. माझ्याकडं त्यामुळे ढीग साठला होता, तो असा कामी आला.

मार्च महिन्यात तळहातात नाणं ठेवूनच दुकानात वावरायचा नेम केला. कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापताना, बिल लिहिताना, फोन घेताना, नाणं आत. हाताला आकडी आल्यासारखं दिसायला नको हाच सराव. एका दुपारी माळवाडीचे एक काका बीपीच्या गोळ्या घेऊन गेले आणि पायरीवरून परत आले. "दहा कमी हायत." मी गल्ला बघतोय, ते माझ्याकडं बघताहेत. नाणं माझ्या तळहातात. मी हात उघडून दिलं, तर म्हणाले, "तिथं कशाला ठिवलंय?" बोबोसाहेबांचं सार्वजनिक यश म्हणायचं तर तेवढंच, पण मी मनात टाळी वाजवून घेतली. पंधरा मिनिटं त्यांना ते दिसलं नव्हतं.

पाचवं-सहावं उरकतो. मार्क विल्सन यांचा 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक' हा 1975 चा जाडजूड ग्रंथ, पायरीपायरीनं चित्रं, पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, पेले-चेंडू सगळं. इंग्रजी कच्चं असेल तर हाच घ्या, चित्रांवरच निम्मं कळतं. घरात मूल शिकणार असेल तरी हाच. आणि ज्याला सगळे पत्त्यांचं वेद म्हणतात ते अर्डनेस यांचं 1902 चं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल'. हक्क संपलेत म्हणून फुकट मिळतं, आणि लेखकाचं खरं नाव अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, या दोन मोहांत पडून सगळं छापून आणलं. विसाव्या पानाच्या पुढं गेलो नाही. जुगारात फसवायच्या हालचालींपासून सुरुवात, भाषा कोरडी, सूचना तोळ्यात मोजलेल्या. पुस्तक थोर असेल, नव्हे असणारच, पण पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नका.

मनातलं ओळखण्याच्या प्रयोगांबद्दल एक वेगळं सांगायचंय. शेजारच्या आजींना मी एक पत्ता मनात धरायला लावून ओळखून दाखवला. बदामची राणी. त्या हसल्या नाहीत. मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "मग माझी अंगठी कुठं हाय ते सांग की. सुनेनं घेतली म्हंते मी." माझ्या पोटात गोळा आला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे, दाभोलकर डॉक्टर साताऱ्याचे, शिकले आमच्या मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. शाळेत असताना अंनिसच्या कार्यकर्त्यांनी जिभेवर कापूर जाळून दाखवला होता आणि लगेच त्यामागचं कारणही सांगितलं होतं. तो कार्यक्रम बघून मोठा झालेला मी, आणि आजी माझ्याकडं बुवा म्हणून बघत होत्या. तिथल्या तिथं पत्ते उलगडून ती राणी मला कशी कळली ते दाखवलं. गुपित फोडू नये हा जादूवाल्यांचा नियम मला मान्य आहे, पण त्या दिवशी मोडला. अंगठी पुढं गव्हाच्या डब्यात सापडली. तेव्हापासून अशी पुस्तकं चाळताना लेखक बोलायला काय शिकवतो ते आधी वाचतो. "मला शक्ती आहे" असं म्हणायला लावणारं असेल तर ठेवून देतो.

आणि बोलण्यावरून, पुस्तकातलं बोलणं जसंच्या तसं मराठीत आणू नका. चार गुलाम म्हणजे चार दरोडेखोर वगैरे आमच्या चौकात कुणाला भावत नाही. माझे चार गुलाम मिरजेची शेवटची सिटी बस पकडायला निघालेत, एक प्रत्येक वेळी मागं भडंग घ्यायला थांबतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याच्या मुंजीत हेच केलं. तिसरा गुलाम बसमध्ये चढताना एका चिरंजीवांनी "मी पिसतो" म्हणून कॅट हिसकावून घेतला, आणि सगळी बस विस्कटली. त्यावर काय करायचं हे सहांपैकी एकाही पुस्तकानं मला शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "बस बंद पडली," आणि खिशातून दहाचं नाणं काढून तेच गायब केलं. भाचा बघत होता. रात्री झोपताना विचारलं, "मामा, ते नाणं कुठल्या हातात होतं?" व्हॅनवाल्या काकांचं नाव आलं नाही.

मार्क विल्सन त्यालाच दिलाय. फुल्व्हज कुणाला वाचायला हवं असेल तर दुकानात ठेवलंय. बोबो आणि रॉयल रोड मागू नका. साठ रुपयांचं ते मात्र फुकट घेऊन जा, पिना निघाल्यात.